देव पहिला, किंमत कोणाची?

देवाला पहिले स्थान द्या, हा उपदेश ख्रिस्ती मंडळीत इतक्या वेळा कानावर पडतो की तो नेमका पाळायचा कसा हे विचारायचे राहूनच जाते. सर्वसाधारण समजूत अशी, की दिवसाचा पहिला तास प्रार्थनेला द्यावा, पगारातला पहिला हिस्सा दशांशाला, आणि आठवड्याचा पहिला दिवस उपासनेला. यात चूक काही नाही. पण जालन्याच्या एमआयडीसीसारख्या ठिकाणी ही समजूत लवकरच तोकडी पडते. इथल्या पोलादाच्या भट्ट्या तीन पाळ्यांत चालतात, वीज ज्या तासांत स्वस्त त्या तासांत जोरात चालतात, आणि रात्रपाळी करून सकाळी आठला घरी पोचलेल्या माणसाला दिवसाचा पहिला तास कोणता हेच सांगता येत नाही. त्याचा रविवारही पाळीच्या तक्त्यावर अवलंबून असतो. अशा माणसाच्या आयुष्यात देवाला पहिले स्थान देण्याची सोयच नाही, असे म्हणायचे का? तसे म्हणावे लागत असेल, तर आपण वेळापत्रकालाच श्रद्धा समजून बसलो आहोत. मला दिसते ते असे : प्रत्येक निर्णयाची काही किंमत असते आणि ती कोणीतरी मोजत असतो. देवाचे नाव घेऊन केलेल्या निर्णयाची किंमत करणाऱ्याने स्वतः मोजली की दुसऱ्यावर ढकलली, हे पाहिले की त्या निर्णयात देव कुठे होता याचा बराचसा उलगडा होतो.

हा निकष मी पदरचा काढलेला नाही. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात आमोस नावाचा मेंढपाळ इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यात गेला, तेव्हा तिथे देवाला पहिले स्थान नव्हते असे वरवर तरी कोणी म्हटले नसते. बलिदाने वेळेवर होत, सण पाळले जात, शब्बाथाला दुकाने बंद असत. आमोसाने बोट ठेवले ते दुकान बंद ठेवून बसलेल्या व्यापाऱ्याच्या मनावर. शब्बाथ कधी सरतो आणि माप लहान, वजन मोठे करून धान्य विकायला कधी बसतो, याची तो माणूस वाट पाहत होता. दिवस देवाला दिला होता, तराजू दिला नव्हता. आमोसाला यासाठी हाकलण्यात आले, आणि ज्या ठिकाणाहून हाकलले ते बेथेलचे राजमान्य मंदिर होते. जालनेकरांना हे नाव परके नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ जी ख्रिस्ती वस्ती वसवली, तिला त्यांनी बेथेलच नाव दिले. शेषाद्रींच्या मनात अर्थात याकोबाचे बेथेल होते, आमोसाचे नव्हे. पण बायबलमध्ये दोन्ही एकाच जागी आहेत, आणि जालन्याच्या मंडळीने दोन्ही लक्षात ठेवावीत असे मला वाटते.

आमोसाचा तराजू आज एमआयडीसीत कुठे आहे? बांधकामाच्या सळईचे उदाहरण घेऊ, कारण जालन्याचे नाव आज देशभर सळईमुळे पोचले आहे. भारतीय मानक आयएस १७८६ प्रमाणे १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला ०.८८८ किलो भरले पाहिजे. पण लोखंड लाटताना वजन थोडे इकडेतिकडे होणार हे मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून या जाडीच्या लॉटला पाच टक्के अधिक-उणे अशी मोकळीक दिलेली आहे. ही मोकळीक यंत्राच्या चुकीसाठी आहे. आता एखाद्या मिलमध्ये रोल असे बसवले की प्रत्येक सळई चार-साडेचार टक्क्यांनी हलकीच निघेल, तर काय होते? प्रयोगशाळेचा दाखला निर्दोष असतो, कायदा मोडलेला नसतो. पण बारा मीटरच्या ज्या सळईत साडेदहा किलोच्या वर पोलाद असायला हवे, तिच्यात जवळजवळ अर्धा किलो कमी भरते. टनावर माल घेणाऱ्या मोठ्या बिल्डरचा हिशेब वेगळा असतो, तो वजनाचेच पैसे देतो. फटका बसतो तो तालुक्याच्या दुकानातून नगावर वीस-पंचवीस सळया नेणाऱ्या, दोन खोल्या बांधायला काढलेल्या शेतकऱ्याला. शिवाय त्याच्या स्लॅबचा हिशेब पूर्ण जाडी धरून केलेला असतो. लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत खऱ्या वजनमापांची आज्ञा आहे, आणि अनुवादात तर थैलीत दोन प्रकारची वजने बाळगण्यालाच मनाई आहे. मानकाच्या मोकळिकीचा एकाच बाजूने, कायमचा फायदा घेणे हे त्या दोन वजनांचेच आजचे रूप आहे. अशा मिलमध्ये उत्पादन सांभाळणारा ख्रिस्ती माणूस सकाळी अर्धा तास गुडघ्यांवर असतो की नाही हे त्या शेतकऱ्याला कधी कळणार नाही. रोल कुठे बसवले होते, ते मात्र त्याच्या घराच्या छतात कायमचे राहील.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे : हा निर्णय मालकाचा, फार तर मॅनेजरचा. भट्टीवर उभ्या असलेल्या, ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या माणसाच्या हाती काय आहे? आक्षेप खरा आहे, आणि पुलपिटावरून बोलणाऱ्यांनी तो नेहमी डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई येऊन विचारतात, आम्ही काय करावे? दोघेही जुलमी यंत्रणेचे नोकर होते. योहानाने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, दमदाटीने पैसे उकळू नका, आपल्या पगारात भागवा, एवढेच सांगितले. म्हणजे जितके हातात आहे तितक्याचा जाब. भट्टीवरच्या माणसाच्या हातात काय असते याचे उदाहरण भट्टीच देते. ओलसर भंगार किंवा तोंड बंद असलेला पोकळ डबा, सिलिंडर वितळलेल्या पोलादात पडला की आतल्या वाफेचा, वायूचा स्फोट होतो आणि ते पोलाद आजूबाजूच्यांवर उडते. म्हणून भंगार निवडणे, कोरडे करणे ही कामे आहेत, आणि हीट, म्हणजे वितळलेल्या पोलादाचा घाणा, लवकर काढायच्या घाईत हीच कामे पहिल्यांदा वगळली जातात. तो डबा बाजूला काढायला लागणारी दोन मिनिटे, आणि त्यासाठी सुपरवायझरची ऐकून घ्यावी लागणारी शिवी, ही कामगाराने मोजलेली किंमत आहे. त्याने ती टाळली तर ती बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला शेजारचा मजूर मोजतो. मला तर वाटते, जालन्यात देवाला पहिले स्थान देण्याचा प्रसंग देवळापेक्षा भंगाराच्या ढिगापाशी अधिक वेळा येतो.

रविवारचेही तसेच. रविवारी पाळी आली तर ख्रिस्ती कामगाराने ती नाकारावी का, हा प्रश्न मंडळीत कळकळीने विचारला जातो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५२ व्या कलमाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी सुट्टी हा नियम घातला आणि त्या दिवशी काम घ्यायचेच असेल तर अलीकडच्या किंवा पलीकडच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यावी अशी वाटही ठेवली. अर्धशतकाहून अधिक काळ आधी, १८९० च्या जून महिन्यात, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती कोणा ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या पुढाकाराने नव्हे. रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्यांचे राज्य असूनही गिरण्या रविवारी धडधडत होत्याच. ती सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने मिळवली, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही त्यांच्या मागणीतले एक कारण होते. यात ओशाळण्यासारखे काही असेल तर ते आपल्याला आहे. कारण अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाचे जे कारण दिले आहे ते असे, की तू मिसरात गुलाम होतास, म्हणून तुझ्या दासाला, दासीला, बैलाला आणि परक्यालाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. शब्बाथ पाळणारा स्वतः विसावतो हा अर्धाच भाग झाला. आपल्या उपासनेसाठी सहकाऱ्याला सलग दुसरी पाळी करायला लावून गेलेला माणूस शब्बाथ पाळतो आहे की मोडतो आहे, याचे उत्तर त्या अध्यायात आहे. बदली आधी ठरवून घ्यावी, त्याच्या सणाला आपण उभे राहावे, आणि ते जमत नसेल तर कामाला जावे. त्या रविवारी देवाचे काही बिघडत नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि हा व्यवहारी माणसाचा आहे. बाजारात सगळेच हलके रोल बसवत असतील, कच्च्या बिलावर माल फिरत असेल, तर सरळ चालणारा महिन्याभरात बाहेर फेकला जाईल. मग ना त्याचा कारखाना राहील, ना कामगारांची रोजी. यावर मंडळीत दिले जाणारे ठरीव उत्तर मला पटत नाही. ते उत्तर असे, की देवाला पहिले ठेवा, तो धंदा दुप्पट करील. जालना ‘सोने का पालना’ म्हणवते. तिथे असा उपदेश गोड लागावा यात नवल नाही. पण हाच तो याकोबाचा सौदा आहे. भावाला फसवून पळालेला याकोब बेथेलला रात्रीपुरता थांबतो आणि नवस बोलतो : देवाने खायला भाकर, ल्यायला वस्त्र दिले, सुखरूप घरी आणले, तर तो माझा देव, आणि मग दशांश देईन. देवाने त्याला झिडकारले नाही, हे त्याचे भाग्य. पण कथा तिथे संपत नाही. पुढे वीस वर्षे तो लाबानाकडे राबतो, फसवणारा स्वतः फसवला जातो, वेतन दहा वेळा बदलले जाते, आणि एसावाला तोंड द्यायची वेळ येते तेव्हा नवसाची भाषा त्याच्या कामी येत नाही. त्याला भावापुढे कळप ठेवावे लागतात आणि सात वेळा जमिनीपर्यंत वाकावे लागते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आधी देवाचे राज्य व नीतिमत्त्व मिळवायला सांगितले आहे आणि बाकीचे मिळेल असेही म्हटले आहे, हे खरे. पण ते बाकीचे म्हणजे अन्न आणि वस्त्र, बाजारातला हिस्सा नव्हे. सरळ चालणाऱ्याचा धंदा बुडू शकतो, हे मान्य करूनच त्याला सरळ चालायला सांगता येते. नफ्याची हमी देऊन सांगितलेला सरळपणा ही तर गुंतवणूकच झाली. कामगारांच्या रोजीची जी ढाल पुढे केली जाते, तिच्याबद्दल एवढेच, की याच मालकांपैकी किती जण ठेकेदाराच्या मजुरांचा भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरतात हे आधी पाहावे. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राने त्या ढालीविषयी आधीच लिहून ठेवले आहे.

किंमत स्वतः मोजावी, हे म्हणणे सोपे. कुटुंबाच्या बाबतीत ते भलतेच अवघड होते, आणि मराठी ख्रिस्ती इतिहासच त्याचा पुरावा आहे. नारायण शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, मिशनऱ्यांकडेच होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुलगा त्यांच्या ताब्यात देण्यात आला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून वादळ उठले, आणि घ्यावे म्हणणारे बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांच्या रोषाला पात्र झाले. नारायणरावांनी स्वतःसाठी जे केले ते करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि नंतर मराठवाड्यातल्या ज्यांच्या सावलीलाही त्यांची जात भीत होती त्या मांग-महारांबरोबर आयुष्य काढून ती पुन्हा पुन्हा मोजली. श्रीपतच्या बाबतीत मात्र न्यायालयाचाच निर्णय मला योग्य वाटतो. बारा वर्षांच्या मुलाच्या वतीने दुसऱ्या कोणी देवाला पहिले ठेवू नये. कवी नारायण वामन टिळकांचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा. १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर, मोडून पडलेल्या अवस्थेत होत्या. एकत्र आल्यावरही घरात आलेला पैसा गरजवंताच्या हाती कसा निघून जाई, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत लिहिले आहे. त्या हसण्याने आपण टिळकांना लगेच माफ करतो. पण रिकाम्या डब्यांवर स्वयंपाक लक्ष्मीबाईंनाच करायचा होता. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभूने परूश्यांना याच मुद्द्यावर धरले : आईवडिलांना देण्याजोगे जे आहे ते देवाला वाहिले, म्हणून त्यांना काही देणे नको, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. टिळक परूशी नव्हते. तरीही दानाचे पुण्य एकाचे आणि चूल दुसऱ्याची, असा प्रकार घडला की संताच्या घरातही हिशेब विचारावा. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या बरोबरीने श्रद्धेत उभ्या होत्या. तो निर्णय मला आधीच्या उधळ्या दानांपेक्षा मोठा वाटतो, तो यामुळेच.

राहतो तो प्रश्न देवाची इच्छा ओळखायची कशी याचा, आणि इथे लबाडीला सर्वांत जास्त जागा आहे. नोकरी बदलावी का, मुलीचे लग्न कुठे ठरवावे, प्लॉट घ्यावा का, अशा प्रश्नांवर डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ती ओवी देवाचे उत्तर समजायची, ही पद्धत म्हणजे देवीला फुले लावून कौल मागण्यासारखीच आहे, फक्त फुलांच्या जागी पाने आली. चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत शेवटचे उदाहरण मत्थियाच्या निवडीचे, आणि ते पेंटेकॉस्टच्या आधीचे आहे. पुढे पंधराव्या अध्यायात परराष्ट्रीयांचा अवघड प्रश्न येतो तेव्हा यरुशलेमेत सभा भरते, पुष्कळ वादविवाद होतो, अनुभव आणि शास्त्र दोन्ही तपासले जातात, आणि निर्णयाचे पत्र पवित्र आत्म्याच्या बरोबरीने स्वतःचीही जबाबदारी घेऊन लिहिले जाते. विचार करणे हा अविश्वास नव्हे, हे त्या अध्यायाने कायमचे ठरवून टाकले आहे. दुसरी लबाडी याहून धोक्याची : देवाला पहिले ठेवा म्हणता म्हणता पाळकाला पहिले ठेवले जाते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच काळात तिथल्या मठातील भगिनींशी त्यांचे खटके उडू लागले. पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली, आता दुसरे जोखड घालून घेणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा रोख आहे. देवाच्या आज्ञेत आणि माणसांच्या हुकमात फरक करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. त्यांना त्या काळी गर्विष्ठ म्हटले गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलीबाळी केडगावला आणून त्यांना जगवणारी, लिहायला, विणायला, छापखाना चालवायला शिकवणारी बाई हीच होती. गर्वाचे फळ सहसा असे दिसत नाही.

या सगळ्या कसोटीचा सर्वांत कठीण प्रसंग मराठवाड्याच्या ख्रिस्ती घरात येतो तो कारखान्यात नव्हे, तहसील कचेरीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ज्यांचे पणजोबा मांगवाड्यातून, महारवाड्यातून आले, ज्यांना गाव आजही त्याच नावाने ओळखते, त्यांनी कागदावर ख्रिस्ती लिहिले की दाखला जातो, आणि दाखल्याबरोबर मुलीची आयटीआयची किंवा नर्सिंगची जागा. म्हणून रविवारी एक आणि अर्जावर एक असे चालत आले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ नोकरीसाठी हिंदू म्हणवून आरक्षण घेणे ही राज्यघटनेशी फसवणूक असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये नेमलेल्या बालकृष्णन आयोगाकडे हाच दर्जाचा प्रश्न सोपवला गेला. यावर व्यासपीठावरून निर्णय देणे फार सोपे : देवाला पहिले ठेवा, खरे लिहा. खरेच लिहावे, असे मीही म्हणेन. सळईच्या वजनाला लावलेला निकष अर्जाला लावायचा नाही, असे करता येणार नाही. पण किंमत कोण मोजतो हा निकषही मग इथे लावावाच लागेल. जो धर्मोपदेशक किंवा ज्येष्ठ सभासद हे सांगतो, त्याचे यात काही जात नाही. जाते ते अठरा वर्षांच्या मुलीचे, आणि तेही अस्पृश्यतेचा वारसा बाप्तिस्म्याने पुसला जातो असे मानणाऱ्या कायद्यापायी. आपल्याच कब्रस्तानांत आणि सोयरिकींत जो वारसा अजून पुसला गेलेला नाही, तो सरकारने पुसला गेला असे का धरावे, हे मंडळीला आधी स्वतःला विचारावे लागेल. ज्या मंडळीत कारखानदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मिशनकडून आलेल्या जमिनी आणि भाड्याचे गाळे आहेत, तिने मुलीकडून खरा अर्ज मागताना खासगी कॉलेजची फी कोण भरणार याचा ठराव त्याच सभेत मांडला पाहिजे, आणि मागायचा क्रम तोच ठेवला पाहिजे : आधी ठराव, मग अर्ज.